प्रश्न क्रमांक सतरा

सतरावा प्रश्न मीच तयार केलेला.
'आपल्या गावाच्या आरोग्याचे नेतृत्व कोण करते?
एकच पर्याय निवडा.'
खाली पाच चौकोन, पाचांनाही पद,
सहावा 'इतर', आणि त्याच्यापुढे रेघ
इतकी आखूड की आडनावही मावू नये.

शिरोळ तालुक्यातलं गाव, पंचगंगेपासून चार शेतं आत.
सरपंचांनी माझ्याच पेनानं स्वतःच्या चौकोनावर खूण केली
आणि चहा सांगितला.
डॉक्टर म्हणाले, 'टीमवर्क', घड्याळ बघितलं.
ग्रामसेवक म्हणाले, तुम्ही लिहा काय ते, मी सही करतो.

मगदूम सिस्टर लसीच्या डब्यातले बर्फाचे पॅक मोजत होत्या.
प्रश्न ऐकून हसल्या, मोजणी चुकली,
परत एकपासून.
'ह्येचं उत्तर खाली न्हाई घावायचं, बाई.
वर हाय. टाकीवर.
सहाच्या आत गेलासा तर.'

पावणेसहा. गुऱ्हाळाच्या धुराचा गोडूस वास,
नमुना निवडीच्या नियमात न बसणारा एक माणूस
लोखंडी शिडीवर, तोंडाला टॉवेल, हातात बादली.
दस्तगीर नदाफ. ग्रामपंचायतीचा पाणीवाला.
माझ्या पाचांत तो नव्हता.
'निवळी तेवढी वतायची. गाळ न्हाई.'
हे त्यानं मला दोनदा सांगितलं,
दुसऱ्यांदा जरा जोरात,
मी लिहून घेत नाही असं वाटून.

मग खाली उतरला, सायकल घेतली,
टाकीजवळचे सगळे नळ सोडून
थेट मागासवर्गीय वस्तीच्या टोकाला,
जिथं पाणी सगळ्यात शेवटी येतं.
तिथं सातवीतल्या तीन पोरी त्याची वाट बघत उभ्या,
एकीच्या हातात काचेची नळी,
एकीकडे औषधाची बाटली, तिसरीकडे वही.
थेंब. हलव. थांब.
पाणी पिवळं झालं.
पोरीनं वहीत तारीख घातली, पुढं बरोबरची खूण,
शाई वाळायच्या आत वही मिटली, पान बरबटलं.

दस्तगीर म्हणाला,
'नळीत पिवळं आलं तर पाणी बरं.
डोळ्यात पिवळं आलं तर पाणी वंगाळ.
दोन्ही बघितल्यात मी.'
आणि मग त्या वर्षाचं सांगितलं.
पावडर संपली होती. अर्ज दिला होता. तीन महिने पगार नव्हता,
तो बहिणीकडं कागलला मजुरीला गेला होता अठरा दिवस.
अठरा दिवसांत एकोणचाळीस कावीळ,
त्यातली एक सीपीआरला नेताना हातकणंगल्यापाशी गेली.
पोटुशी होती.
पोरी हे पाठ असल्यासारख्या ऐकत होत्या.
'तवापास्नं ह्यास्नी शिकवून ठेवलंय.
मी न्हाई तरी नळी न्हाई थांबायची.'

संमतीपत्रावर त्यानं सही केली,
अंगठ्याला पावडरीचा पांढरा चर.
मग कागद उलटसुलट करून विचारलं,
'हे कुठंवर जातंय?'
विद्यापीठात, म्हटलं. मग एक लेख. मग परिषद.
'आणि तितनं?'
'तितनं म्हंजे?'
'न्हाई, म्हटलं, शेवटच्या नळाला जाऊन कोण बघतंय का,
पोचलं का न्हाई ते.'
एसटीचा हॉर्न वाजला. मी पळाले.
खरं तर एसटी अजून दहा मिनिटं उभीच होती.

कोल्हापुरात, रंकाळ्याच्या बाजूच्या खोलीत
आता दोनशे बारा उत्तरांचा तक्ता उघडा आहे.
गाईड म्हणतात, नदाफ हा किस्सा आहे, डेटा नव्हे,
आणि त्यांचं चूक आहे असंही मला म्हणता येत नाही.
तरी सतराव्या प्रश्नासमोर, त्या गावाच्या ओळीत,
एक रकाना मी पिवळा करून ठेवलाय.
काल त्यांनी विचारलं,
हा रंग कशाचा? बरोबर आहे म्हणून, की चुकलंय म्हणून?

तपासते, म्हटलं.